पुरुषाने बाईचं सोंग घ्यायचं, प्रेमाची गोष्टही सांगायची आणि ते ओंगळ होऊ द्यायचं नाही, कसं जमवायचं? (एकांकिकेसाठी मदत हवी)

गोदाकाठ_७

नमस्कार मंडळी. यंदा सोसायटीच्या गणपतीत आम्ही एकांकिका करतोय, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची. जरा लांबेल पण वाचा प्लीज, कारण हातात फक्त पाच आठवडे आहेत.

गोष्ट अशी आहे की मुलगा नोकरीसाठी नाशिकहून पुण्याला जातो, रूम मिळता मिळत नाही, जिथे मिळते तिथे 'फक्त मुलींसाठी' अशी पाटी. मग हा विग लावून, पंजाबी ड्रेस घालून, नाव बदलून तिथेच राहायला जातो आणि रूममेटच्या प्रेमात पडतो. ती त्याला मैत्रीण समजून मनातलं सगळं सांगत असते. शेवटी विग पडतो, ती चिडते, रडते, माफ करते, पडदा. लिहिलीय आमच्याच बिल्डिंगमधल्या मित्राने, त्याचा हात चांगला आहे, संवाद मस्त खुसखुशीत झालेत. तो मुलगा म्हणजे मी.

आता अडचण. गेल्या रविवारी तालमीला घरच्यांना बोलावलं होतं. पॅडिंग सरकतं, ओढणी अडकते, वॉचमन लाइन मारतो असे चार-पाच जोक पहिल्या दहा मिनिटांत आहेत, त्याला पोरं हसली, पण आई आणि शेजारच्या दोन काकू नुसत्या बसून होत्या, आणि आई काही कुठल्याही गोष्टीला नाक मुरडणारी नाही, 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागला की ती भाजी निवडायची सोडून बघत बसते. घरी आल्यावर म्हणाली, अरे त्यात लक्ष्या बाई झालाय म्हणून मी हसत नाही, आता हे पकडले जाणार म्हणून हसते, तुमच्यात नुसतंच बाईच्या अंगाला हसताय.

आणि हिरॉइनचं काम करणारी मुलगी तालीम संपल्यावर बाजूला घेऊन म्हणाली की दादा, मला शेवटचा सीन करताना आतून काहीच येत नाहीये. ती याला आधीच्या ब्रेकअपबद्दल सांगते, घरच्या गोष्टी सांगते, याच्यासमोर निर्धास्त वावरते, आणि हा सगळं ऐकून तिला आवडेल तसं वागतो. मी असते तर माफ केलं नसतं. मग स्टेजवर का करू?

मला दोघींचंही पटलंय. पण गोष्ट मला मनापासून आवडते, सोंग काढून टाकलं तर उरतच काही नाही. जुन्या नाटकसिनेमांत हे कसं जमलंय ते ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. रोल कसा करायचा आणि शेवट कसा करायचा, दोन्ही हवंय.

विंगेतला

हौशी रंगभूमीवर वीसेक वर्षं झाली, तीनदा स्त्रीपार्ट केलाय, त्यामुळे आधी रोलचं बोलतो, शेवटाचं बाकीचे सांगतील.

आईंनी जे सांगितलं ते तालमीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपल्याकडे पुरुषाने बाई होणं ही मुळात हसण्याची गोष्टच नव्हती हो. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व यांना कोणी हसायला जात नव्हतं. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पुढे त्यांच्या साड्या, दागिने, अंबाडा बघून घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या. बाई बघून बाई शिकतेय असं नाही, पुरुषाने उभी केलेली बाई बघून शिकतेय! सिनेमातही तेच, फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळेना, शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम पण तेच आणि सीता पण तेच. तळकोकणात दशावतारात आजही स्त्रीपार्टी कलाकार रात्र रात्र प्रेक्षकांना रडवतात. म्हणजे प्रेक्षक मानायला तयार असतो, आपण त्याला मानू देत नाही, दर दोन मिनिटांनी पॅडिंग हलवून 'बघा बघा मी पुरुष आहे' सांगत बसतो.

आता कामाचं. आवाज चोरून किनरा काढू नका, पाच मिनिटांनी लोकांचे कान दुखतात आणि सोसायटीच्या माइकवर तो फाटतो. स्वतःचाच आवाज ठेवा, फक्त हळू बोला आणि वाक्याच्या शेवटी जरा वर न्या, बास. कोपरं अंगाजवळ, म्हणजे हात मोठे दिसत नाहीत. बसताना आधी मागे हाताने कपडा सावरायचा, मग बसायचं, हे इतकं घोटा की घरी पँटमध्येसुद्धा हात आपोआप मागे गेला पाहिजे. दाढी त्याच दिवशी दुपारी घोटून करा, तरी निळसर झाक राहते, ती नुसत्या फाउंडेशनने जात नाही, खाली लालसर-नारिंगी रंगाचा पातळ हात द्या आणि मग बेस लावा, लाइटमध्ये गायब होते. विगला कानामागे आणि मानेवर पिना, कपाळापाशी स्पिरिट गम (विग चिकटवायचा गोंद).

आणि पंजाबी ड्रेस सोडा, साडी घ्या, तीही नऊवारी जमली तर उत्तम. सहावारीत निऱ्यांवर पाय पडून तोंडावर आपटायची भीती असते, नऊवारीचा काष्टा घट्ट असला की पळता येतं, जिन्यावरून उडी मारता येते, आणि कॉमेडीत पळापळ तर लागणारच. पण तालमी आजपासून नेसूनच करा, आयत्या वेळी नेसलेली साडी स्टेजवर लगेच कळते.

सायली_डोंबिवली

नऊवारी म्हणजे पात्राचं वय वाढवावं लागेल ना, तिशीच्या आतली मुलगी पीजीत नऊवारी कशाला नेसेल? पण त्यावरून एक सुचलं, खाली लिहिते.

आधी त्या मुलीबद्दल. तिला जे वाटलं ते तिने सांगितलं याबद्दल तिचं खरंच कौतुक, बऱ्याच जणी गप्प बसून उरकून टाकतात. मला पण अशा सगळ्या गोष्टींत हाच एक काटा टोचतो. बाई दुसऱ्या बाईसमोर जे बोलते ते तिने त्या माणसाला दिलेलं नसतं, तो ते चोरून ऐकतोय. 'सम लाइक इट हॉट' (१९५९, बिली वाइल्डरचा) माझा अतिशय लाडका सिनेमा, पण त्यातही हेच आहे. शिकागोतला गुंडांचा गोळीबार डोळ्यांनी बघितला म्हणून दोन वादक जीव वाचवायला बायकांच्या बँडमध्ये बायका होऊन शिरतात, तिथली गायिका शुगर त्यातल्या जोला मैत्रीण समजून सांगते की मी नेहमी सॅक्सोफोनवाल्यांच्या प्रेमात पडून फसते, आता मला चष्मेवाला सज्जन करोडपती हवाय. आणि हा पठ्ठ्या स्वतः सॅक्सोफोनवाला, तो चष्मा लावून, करोडपती बनून तिच्यासमोर हजर! चक्क तुमच्या मित्राच्या स्क्रिप्टसारखंच.

पण वाइल्डर शेवटी त्याला सोडत नाही. गुंड हॉटेलात पोचलेत, पळून जायची वेळ आलीय, आणि शुगर स्टेजवर दुःखाचं गाणं म्हणतेय, ते ऐकून जो थांबतो, बाईच्या वेषातच स्टेजवर चढतो आणि सगळ्यांसमोर तिला किस करतो. म्हणजे जीव वाचवायला घेतलेलं सोंग तो तिच्यासाठी जीव धोक्यात घालून स्वतः मोडतो. ती मागे पळत येते, तेव्हा म्हणतो, मी तसलाच सॅक्सोफोनवाला आहे, माझ्या नादी लागू नकोस. तरीही ती त्याला सोडत नाही. ती माफ करते हे मला तिथे पटतं, कारण त्याने पदरचं काहीतरी घातलंय. तुमच्या एकांकिकेत विग पडतो. पडला नसता तर तो बोललाच नसता ना? मग तिने माफ कशाला करायचं?

सुचलेलं हे: त्याला रूममेट करूच नका, पीजीत स्वयंपाक करायला आलेली मावशी करा. एका खोलीत झोपणं, कपडे बदलणं हा सगळा नकोसा भाग मुळातच जातो, नऊवारी पण शोभते, आणि त्याला वीस मुलींचा स्वयंपाक करावा लागेल ही केवढी मजा! पोळ्या येत नाहीत, पीठ सैल झालंय, तेवढ्यात मालकीणबाई आल्या. हसायला बाईच्या अंगाची गरजच उरत नाही.

पारायणवाला

मावशीची आयडिया एक नंबर, आणि तिला आपल्याकडे घराणंच आहे. अत्र्यांचं 'मोरूची मावशी' हे ब्रँडन थॉमस यांच्या १८९२ च्या 'चार्लीज आंट' या इंग्रजी नाटकावरून. विजय चव्हाणांनी ती मावशी अशी काही केली की लोक पुन्हा पुन्हा जाऊन बघायचे. तिथे सोंगाचं कारणच बघा किती साधं, घरात वडीलधारी बाईमाणूस असल्याशिवाय मुली भेटायला येणार नाहीत, म्हणून मित्रालाच मावशी करायचं.

'बनवाबनवी'बद्दल तुमच्या आईंचं निरीक्षण इतकं अचूक आहे की मी ते घरी वाचून दाखवलं. हा सिनेमा सप्टेंबर १९८८ चा, दिग्दर्शन सचिन पिळगांवकर, लेखन वसंत सबनीसांचं, तेच ते 'विच्छा माझी पुरी करा'वाले. त्यामुळे संवाद बोलीचेच आहेत आणि सवालजवाबासारखे तडातड पडतात. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची, तो हिंदी फारसा कोणी बघत नाही आणि आपला मात्र पाठ आहे.

मला वाटतं जादू कारणात आहे. सरपोतदारांनी घराबाहेर काढलंय, पुण्यात चार सड्याफटिंगांना खोली कोण देणार, लीलाबाई काळभोर जागा देणार ती फक्त लग्न झालेल्यांनाच. मग परश्या होतो धनंजयची पार्वती आणि सुधीर होतो शंतनूची सुधा. कोणाला हौस नाहीये, छप्पर जाईल ही भीती आहे, आणि ज्याने ज्याने भाड्याची खोली शोधलीय त्याला ती भीती ओळखीची आहे. म्हणून 'हा माझा बायको पार्वती' म्हणताना धनंजय मानेची जीभ घसरते आणि आपण फुटतो, हसू पार्वतीच्या साडीला नाहीये, त्या घसरलेल्या जिभेला आहे, आता घर गेलं!! आणि एक थाप झाकायला दुसरी, ती झाकायला तिसरी, असं करत करत पार्वतीचं डोहाळजेवणच निघतं. 'कुणीतरी येणार येणार गं' बघताना नीट बघा, सगळ्या बायका किती खऱ्या मायेने तिचं कोडकौतुक करतायत. त्यात टिंगल अजिबात नाही. लक्ष्मीकांत बेर्डे पण ते कौतुक किती गोड लाजून घेतात, ओटी भरून घेणाऱ्या बाईसारखे. मला तर तो सीन बघताना दरवेळी भरून येतं.

फक्त एका बाबतीत सायलीताईंशी असहमत. विग पडणं काढू नका, हुकमी हशा आहे तो, सोसायटीच्या प्रेक्षकाला तो द्यायलाच हवा.

विंगेतला

पारायणवाले, विग पडू दे की, पण शेवटी कशाला? मध्यावर पाडा, मालकीणबाईंसमोर. पडला, त्याने तो पटकन टोपात टाकला, वर झाकण ठेवलं आणि पदर डोक्यावरून घेतला, आता जेवायची वेळ झालीय आणि मालकीण म्हणतेय भाजी वाढ. पाच मिनिटं हॉल खाली बसणार नाही. शेवटचा विग मात्र त्याने स्वतःच्या हाताने काढायचा, हळूहळू, पिना एकेक करून काढत. पिना काढायला वेळ लागतो आणि तो वेळच सीनला हवाय, कोणी काही बोलायचं नाही तेव्हा.

आजोळ_वाई

सगळं वाचलं. एक जुनी गोष्ट आठवली, कोणी काढली नाही म्हणून लिहिते.

आपल्याकडचं एक फार जुनं सोंग म्हणजे महाभारतातल्या बृहन्नडेचं. अज्ञातवासाचं वर्ष, अर्जुन विराटाच्या अंतःपुरात बृहन्नडा होऊन राहतो, राजकन्या उत्तरेला नाचगाणं शिकवतो. वर्षभर बायकांमध्ये वावरतो, त्या पोरी त्याच्यापुढे मोकळेपणाने हसतात, रुसतात, युद्धाला निघालेल्या रथावरच्या बृहन्नडेला बाहुल्यांसाठी रंगीबेरंगी वस्त्रं आण म्हणून सांगतात. मग सोंग उघडं पडतं, हा तर अर्जुन! विराट राजा खूश होऊन म्हणतो, माझी मुलगी तुला दिली. आणि अर्जुन नाही म्हणतो. सांगतो की मी वर्षभर अंतःपुरात राहिलो, हिने एकांतात आणि लोकांसमोर माझ्यावर वडिलांसारखा विश्वास टाकला, मी तिचा गुरू झालो, आता मी तिच्याशी लग्न केलं तर त्या वर्षाबद्दल लोकांच्या मनात शंका येईल. मी तिला सून म्हणून घेतो. म्हणून उत्तरा अभिमन्यूची बायको झाली.

लहानपणी वाईला आजीकडून ही गोष्ट ऐकली तेव्हा मला वाटायचं की अर्जुनाला ती आवडली नसेल. आजी म्हणाली, आवडण्याचा प्रश्नच नाही बाळ, ती ज्याच्याशी बोलली तो अर्जुन नव्हताच, बृहन्नडा होती. ते बोलणं बृहन्नडेपाशीच राहिलं पाहिजे.

तुमच्या नाटकात लग्न, प्रेम जरूर होऊ द्या, गोड गोष्ट आहे, पोरांना आवडेल. पण 'मावशी'पाशी ती जे बोलली त्यातलं काहीही त्या मुलाने तिला मिळवायला वापरू नये एवढंच सांगावंसं वाटतं. उलट ती काही सांगायला लागली की त्याने विषय बदलावा, कणिक मळायला लागावं, भांडं पाडावं, पण ऐकू नये. प्रेक्षक हसेलही आणि मुलगा किती सरळ आहे हे त्यालाच कळेल.

सायली_डोंबिवली

आजोळ_वाई, अंगावर काटा आला. 'ऐकू नये म्हणून भांडं पाडतो' हे तर तिला मागाहून आठवू शकतं! शेवटी ती चिडलेली असताना एकेक आठवत जाते की अरे, मी त्या दिवशी सांगायला लागले तेव्हा पातेलं पडलं, त्याच्या आदल्या दिवशी परात पडली. तिने माफ करायचं कारण तिथे आहे. आणि ते तिचं तिला कळायला हवं, त्याने एका शब्दाने सांगायचं नाही.

गोदाकाठ_७

काय लिहू, तीन दिवस सगळं प्रिंट काढून खिशात घेऊन फिरतोय. काल रात्री लेखक मित्र, ती मुलगी आणि मी असे तिघं गच्चीवर बसलो आणि दीड वाजेपर्यंत अर्धी एकांकिका पुन्हा लिहिली.

आता तो पीजीतली स्वयंपाकाची मावशी आहे. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला असावा असं मित्राचं म्हणणं होतं, म्हणजे स्वयंपाक येतो हे पटेल, पण ती मुलगी म्हणाली की नको, येत नसलेलाच बरा, तिने त्याला पोळी लाटायला शिकवायची. प्रेम तिथून. म्हणजे ती बोलतेय ते ब्रेकअपबद्दल नाही, कणकेबद्दल, आणि तरी दोघं जवळ येतायत. मला हे फारच आवडलं. पॅडिंगचे आणि वॉचमनचे सगळे जोक गेले, मित्राने स्वतःच काट मारली. विग टोपात पडतो, मध्यावर. भांडी तीनदा पडतात.

शेवटावर मात्र अजून घोडं अडलंय. मी पिना काढतो तोपर्यंत ठरलंय, त्यानंतर ती काय करते यावर एकमत नाही. मित्राला वाटतं तिने हसावं. तिला स्वतःला वाटतं की लगेच माफी वगैरे काही नको, तिने परातीतला कणकेचा गोळा त्याच्यापुढे सरकवावा आणि म्हणावं, 'लाट.' तो विगशिवाय, नऊवारीतच, लाटायला बसतो. लाटता लाटता पोळी गोल होते, पहिल्यांदाच. पडदा.

मी तिच्या बाजूने आहे. पण स्टेजवर पोळी खरोखर गोल व्हायला हवी आणि मला अजून जमत नाहीये, आई रोज संध्याकाळी शिकवतेय. कणीक किती वेळ आधी भिजवून ठेवली तर स्टेजवरच्या लाइटखाली सुकत नाही? प्रयोग रात्री नऊला आहे आणि आमचा नंबर तिसरा.

आजोळ_वाई

दोन तास आधी भिजवा, जरा सैलसर. वरून तेलाचा हात फिरवा आणि ओल्या पंचाने झाकून ठेवा, पंचा पिळून घ्या, पाणी टपकायला नको. गोळा मोठा घेऊ नका, लहान गोळ्याची पोळी पटकन गोल होते. आणि आईंना पहिल्या रांगेत बसवा.